शेठजींचं वजन

आमच्या क्लबात येणारं गिऱ्हाईक आत शिरण्याआधी आपलं वजन माझ्या खांद्यावर ठेवून जातं. वजन उतरलं की नाच बरा जमतो. फळीवर ते राहत नाही, माणूसच लागतो. निघताना ज्याचं त्याला परत करायचं, एवढंच माझं काम.

याआधी मी तळघरात सुभद्राक्कांबरोबर ग्लास विसळत असे. तिथून सहसा कुणी वर येत नाही. मी आलो, तेही परत खाली दिसणार नाही असं सांगून.

"जा बाबा," अक्का म्हणाल्या. "वरून आमच्यावर थुंकू नकोस म्हणजे झालं."

परवा दामाणी शेठ वजन घ्यायला थांबलेच नाहीत. "राहू दे रे तुझ्याकडे. फार हलकं वाटतंय." ते छताला टेकले होते. ड्रायव्हरने टाय धरून त्यांना खाली ओढलं आणि गाडीत पट्ट्याने बांधलं.

दुसऱ्या दिवशी माझं वजन सगळ्यांच्या लक्षात आलं. मॅनेजर दिघे मला 'शुक शुक' या नावाने ओळखत. ते म्हणाले, "या सोपानराव! चहा घेणार ना?"

चहा बशीसकट आला. पहिल्या घोटाला माझे घोटे फरशीत गेले.

"साहेब, मी बुडतोय."

"छे हो! एवढे मोठे झालात, तरी पाय जमिनीवर आहेत तुमचे."

"जमिनीत आहेत."

"तेच ते."

दिवेलागणीला मी कमरेपर्यंत गेलो. पावलं तळघराच्या छतातून बाहेर निघाली.

"अगं बाई! कुणाचे पाय हे?" खालून अक्कांचा आवाज आला.

"माझे. सोपानचे."

"मेल्या, तू वर गेला होतास ना?"

"वरच आहे, अक्का. जरा लांबलोय."

"आधी ते वजन टाक. पुरता खाली आलास तर माझा चुरा होईल."

मी दिघ्यांना म्हणालो, "साहेब, हे उतरवून घ्या."

"लगेच. मग उद्यापासून ग्लास विसळायला बसा. इथे दुसरा बघतो."

मी वजन खांद्यावर नीट सावरून घेतलं. फरशी छातीला लागली. दारात गिऱ्हाइकांची रांग वाढत होती.

"सोप्या, सांगितलंस का?"

"सांगतो, अक्का."

तेवढ्यात उजव्या तळपायाखाली काहीतरी ओलसर, हाडकुळं आलं. अक्कांचा खांदा होता. मला वर रेटायला लावला असावा. मी बुडायचा थांबलो.

"बघा, झाली की नाही सोय?" दिघे म्हणाले आणि त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. त्याने आपलं वजन माझ्यावर ठेवलं.

खाली ग्लास फुटले.

"सोप्या, पाय काढ!"

मी दुसराही टेकवला.