लाल झाकणं

"फाइल उघडली का हो?" आहारतज्ज्ञ मॅडमनी फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

"उघडतेय," यादीताई म्हणाल्या आणि रिकाम्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"नाहीच जमलं तर सांगा. आम्ही इथूनच छापून पाठवू. तुम्ही मग चादरींच्या स्टोअरला बसा, तिथंही माणूस हवाच आहे."

मॅडम प्रेमानं बोलल्या, म्हणून जास्त लागलं. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात बसून कोणत्या खाटेला काय द्यायचं याची यादी ताई एकोणीस वर्षं काढत होत्या. त्यांचा कॉम्प्युटर तेरा वर्षांचा. वरच्या मजल्यावर नवे आले आणि तिथल्या फाइली याला ओळखू येईनात. काल दुरुस्तीवाल्यानं त्यात काहीतरी भरलं होतं. "उघडेल, पण कुरकुरेल," म्हणाला होता.

कुरकुरलाच. पडद्यावर इंग्रजीत चार ओळींची सूचना आली. ताईंनी पहिली ओळ वाचली, घड्याळ पाहिलं आणि 'ओके' दाबलं. असल्या सूचना आजवर कोणी शेवटपर्यंत वाचल्यात?

यादी उघडली. नाव, खाट, दूध, अंडं, गहू, सगळे रकाने जागच्या जागी. ताईंचा जीव भांड्यात पडला. "उघडली मॅडम," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि यादी छापली.

आचारीमामा ट्रॉलीपाशी उभे होते. "आज किती?"

हा रोजचा प्रश्न. ज्याला जे चालत नाही, त्याची ती चौकट मॅडम लाल करत. कोरी चौकट म्हणजे बिनधास्त द्या. ताई लाल चौकटीच्या खाटा मोजून आकडा सांगत, मामा तेवढी लाल झाकणं काढत आणि ती ताटं वेगळी वाढत. ताईंनी कागदावरून पेन्सिल फिरवली. वरून खाली, परत वर.

"एकही नाही."

"बरंय, आज सगळे धडधाकट दिसतायत," मामा म्हणाले आणि ट्रॉली घेऊन गेले.

ताई खुर्चीत बसल्या, पण बसवेना. समोर लाल झाकणांची चळत तशीच होती. एकोणीस वर्षांत शून्य कधी आलं नव्हतं. पाच, सात, एकदा तर अकरा. आणि ती चौदा नंबरची पोर? अंड्याचा एक घास पोटात गेला आणि श्वास अडकून आलेली. घरी गेली असेल. असं मनाला समजावता समजावता त्यांना आठवलं, सकाळीच तिची आई गरम पाणी न्यायला खिडकीशी आली होती.

लिफ्टची वाट बघायला धीर नव्हता. गुडघ्यांना न जुमानता त्या तीन जिने चढल्या. वॉर्डात फोन करायचं सुचलंच नाही, की सुचूनही टाळलं, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

ट्रॉली अजून त्या पोरीच्याच वॉर्डात होती. चौदा नंबरच्या खाटेवर आई पहिला चमचा भरत होती.

"आज पुडिंग आलंय, पोर खूश झाली," ती ताईंना म्हणाली.

ताईंनी चमच्यासकट तिचा हात धरला. "त्यात अंडं असतं." पुढचं बोलायला श्वास पुरेना. मग त्या सिस्टरकडे वळल्या. "सगळी ताटं थांबवा. चूक माझी आहे."

खाली येऊन त्यांनी स्वतःच फोन लावला. "मॅडम, फाइल उघडली, पण रंग आलेच नाहीत. सूचना आली होती, मी वाचली नाही. यादी तुम्हीच छापून पाठवत जा."

पलीकडून मॅडम म्हणाल्या, "बरं."

पुढच्या सोमवारी कॉम्प्युटर भंगारात गेला आणि ताई चादरींच्या स्टोअरला. यादी आता वरून छापून येते, लालभडक चौकटींची, कुणालाही वाचता येईल अशी. तरी पहिल्याच सकाळी मामा ती घेऊन स्टोअरच्या दारात उभे राहिले.

"ताई, आज किती?"

"दिसतंय की मामा कागदावर."

"मी मोजलंय. तुम्ही मोजा."

ताईंनी हातातली चादर बाजूला ठेवली, पेन्सिल शोधली. एकदा मोजलं, परत मोजलं.

"सात."

मामांनी बगलेतली लाल झाकणं तिथंच चादरींवर मांडली. सातच होती.