आत्याची पिशवी

आत्याला साधी सर्दीही झालेली नव्हती, तेव्हा एका रविवारी सकाळी तिने चहाचा कप बाजूला सारला आणि जाहीर केलं, की मेल्यावर मला समुद्रात सोडायचं. उद्यापासून चहात साखर कमी घाला, असं सांगावं त्या सुरात.

तिच्या धाकट्या भावाने वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. ताई, तू आधी मर तर खरी, मग बघू, एवढंच तो म्हणाला. त्याच्या बायकोने 'वन्सं, सकाळी सकाळी काय हे' म्हणत कपबश्या उचलल्या. घरात चौथी होती ती त्यांची मुलगी, आत्याची भाची. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन तिला वर्ष झालं होतं. नोकरीचे अर्ज करायचे आणि नकाराची पत्रं फाइलला लावायची, हाच सध्या तिचा उद्योग होता. तिने मात्र विचारलं, "किती खोल?"

आत्याने तिच्याकडे वळून पाहिलं. हे काम कुणाकडे द्यायचं ते तिथेच ठरलं.

आत्याने एक्केचाळीस वर्षं जहाजांवरचे जीवरक्षक तराफे शिवले होते, त्यातली शेवटची एकोणीस वर्षं शिवणखात्याची मुख्य म्हणून. कारखान्यात प्रत्येकीला नंबर असे, तिचा सतरा. तराफ्याच्या कोपऱ्यावर दोन शिक्के पडत, एक शिवणारीचा, एक तपासणारीचा. एकदा कुठल्याशा लांबच्या समुद्रातून पत्र आलं होतं. अकरा माणसं सहा दिवस एका तराफ्यावर काढून जिवंत परतली होती आणि पत्त्यावर नाव नव्हतं, नुसतं 'सतरा नंबर यांस' असं होतं. ते पत्र आत्याच्या खोलीत आरशाशेजारी लावलेलं होतं. आरशात ती क्वचितच बघे. पत्राची काच मात्र रोज पुसे.

ती स्वतः समुद्रावर कधी गेली नव्हती. धक्क्याच्या टोकापर्यंत फार तर. माझा माल कुठे कुठे जातो ते एकदा जाऊन बघायचंय, असं तिचं म्हणणं.

भाचीने बंदर कचेरीतून अर्ज आणला. सात पानी होता. सहाव्या पानावर लिहिलं होतं, की कचेरीची लाकडी पेटी वापरावी, किंवा अर्जदाराने स्वतःचं वेष्टण आणावं. स्वतःचं आणलं तर त्याची चाचणी होणार. अर्जदाराच्या वजनाचा पुतळा आत घालून ते पाण्यात सोडायचं. दोन मिनिटांत ते पाण्याखाली जायला हवं आणि परत वर येता कामा नये. दोन संधी. दोन्ही हुकल्या तर पेटी.

आत्या पेटी बघायला गेली. दोन फळ्यांमधल्या फटीत तिने आधी एक बोट घातलं, मग दोन, मग अख्खा पंजा. पेटी दाखवणारे परवानगी अधिकारी, बारीक मिशीचे शांत गृहस्थ, त्यांनी समजावलं की फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात. आत्या तडक घरी आली. दारात चपला काढताना म्हणाली, "दुसऱ्याच्या कामातून मी जाणार नाही. माझं मी शिवीन."

मग जेवणाच्या टेबलावर रोज तोच विषय. फेरीबोट धक्क्याला बांधलेली असतानासुद्धा भाचीच्या बाबांना मळमळतं, तेव्हा त्यांनी किनाऱ्यावरच थांबून रुमाल हलवावा, असं ठरलं. कुठला रुमाल तेही आत्याने सांगून ठेवलं, कारण नाक पुसलेला तो हलवतील याची तिला खात्री होती. भाषण एकच, तेही लाट येण्याआधी संपेल असं. आईने चाचरत माशांचा विषय काढला. आत्या म्हणाली की सत्तर वर्षं मी त्यांना खाल्लं, आता त्यांची पाळी. डोकं आधी की पाय, यावर भाचीने दोन आकृत्या काढून आणल्या, तर आत्याने न बघताच निकाल दिला. ती पायाळू होती. आले तशीच जाईन, म्हणाली.

भाचीला या कामाचा चांगलाच नाद लागला. वर्षभरात पहिल्यांदा कुणी तिला असा प्रश्न घातला होता, ज्याचं उत्तर खरोखर कुणाला तरी हवं होतं. आत्याला तिने वजनकाट्यावर उभं केलं, अठ्ठावन्न किलो. माणसाचं अंग पाण्याइतकंच जड असतं. ते बुडतं की तरंगतं हे बरंचसं छातीतल्या हवेवर ठरतं. तेव्हा तिने हवेचं विचारलं.

"श्वास सोडूनच जाईन ना ग," आत्या म्हणाली. "भरून घेऊन कशाला जाऊ?"

सगळं धरून वीस किलो लोखंड पुरेल असं निघालं. भाचीने पंचवीस धरलं. वहीत नीट पान आखून तिने गृहीतकं लिहिली. तिसरं गृहीतक असं होतं: कापडातून पाणी आपोआप आत शिरेल.

आत्या तीन आठवडे पिशवी शिवत होती. जाड कॅनव्हास, मेण लावलेला दोरा, दाभण, आणि दाभण रेटायला तळहातावर बांधायचा चामडी पट्टा. शिवण दुहेरी दुमडीची, तीवर पुन्हा मेणाचा हात. टाक्यांमधलं अंतर भाचीने फुटपट्टी लावून मोजलं, तर कुठेही अर्ध्या मिलिमीटरचा फरक सापडेना. ती तासन्‌तास समोर बसून बघत राही. बघताना एकदाही तिला वहीतलं तिसरं गृहीतक आठवलं नाही.

पुतळा भाचीने केला. प्लास्टिकचे कॅन गोड्या पाण्याने भरून एकमेकांना बांधले आणि त्यांना आत्याचा कारखान्यातला जुना निळा कोट चढवला. कोट घातल्यावर तो नको इतका आत्यासारखा दिसायला लागला. दोन दिवस तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर होता. आईने चुकून त्याला विचारलं, की वन्सं, भाजी निवडता का, आणि उत्तर आलं नाही म्हणून मनाला लावून घेतलं. बाबा तर त्याच्याकडे पाठ करून जेवत.

चाचणीच्या दिवशी बंदराच्या आतल्या शांत पाण्यात कचेरीची होडी नेली. होडीवाला, भाची, आत्या, आणि हातात घड्याळ घेऊन परवानगी अधिकारी. बाबा धक्क्यावर, रुमालासकट. पिशवीला परत ओढायचा दोर बांधला, पायाकडून पाण्यात सोडली, आणि अधिकाऱ्यांनी घड्याळ सुरू केलं.

पिशवी कमरेपर्यंत पाण्यात गेली आणि तिथेच थांबली. मग हळूच आडवी झाली आणि आरामात तरंगायला लागली. एक मिनिट झालं. दोन झाली. कुठूनसा एक समुद्रपक्षी आला, पिशवीच्या पोटावर उतरला आणि पंख मिटून बसला. धक्क्यावरून बाबांना नीट दिसत नव्हतं, त्यांनी ठरल्याप्रमाणे रुमाल हलवला.

भाचीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाणी आत जात नव्हतं, म्हणजे हवा बाहेर येत नव्हती. पिशवीत निदान चाळीस लिटर हवा असणार, आणि ती पंचवीस किलो लोखंडाला सहज उचलून धरत होती. कापडातून पाणी शिरेल. कुठल्याही कापडातून शिरलं असतं. हे कुणाचं कापड आहे, तेवढं ती विसरली होती.

अधिकाऱ्यांनी घड्याळ बंद केलं. "बाई," ते म्हणाले, "ही बुडत नाही."

"माझं आजवर काही बुडालेलं नाही," आत्या म्हणाली.

ते तिच्या तोंडून इतक्या ताठ मानेने निघालं, की होडीवाला मान खाली घालून हसायला लागला. असली पिशवी मलाही एक द्या, मासे गार ठेवायला बरी, असं म्हणून त्याने दोर ओढायला घेतला. आत्याच्या चेहऱ्यावरचा अभिमान मात्र धक्क्याला लागेपर्यंत टिकला नाही. पंधरा दिवसांनी दुसरी संधी होती, आणि तिसरी नव्हती.

घरी येऊन भाचीने वहीतल्या तिसऱ्या ओळीवर काट मारली. चूक माझी, तिने सांगून टाकलं. आत्या म्हणाली, लोखंड वाढव. भाचीने हिशेब मांडला. बुडण्याची खात्री हवी तर आणखी पंचवीस किलो लागत होतं आणि पिशवी उचलायच्या माणसांचा विचार करून कचेरीने चाळीसची मर्यादा घातलेली होती. मग एकच उपाय उरत होता. तो शब्द उच्चारायला भाचीला जेवण संपत येईपर्यंत धीर झाला नाही.

"भोकं," ती शेवटी म्हणाली.

आत्या ताटावरून उठली. एका सुटलेल्या टाक्यासाठी मी बायकांना बाकावरून उठवलंय, असं काहीतरी पुटपुटत ती खोलीत गेली. पुढचे दोन दिवस ती घरात सगळ्यांशी बोलत होती, फक्त पिशवीविषयी नाही. पिशवी घडी करून कपाटावर टाकलेली होती. पेटीच चालेल मग, असं बाबांनी चुकून म्हटलं, तेव्हा आईने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते भाजी आणायला बाहेर पडले.

भाची हट्टाला पेटली होती. तिने तराफ्यांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. मोठ्या लाटेत तराफा उलटत कसा नाही, हा साधा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर वाचून ती पुस्तक तसंच उघडं हातात धरून आत्याच्या खोलीत गेली. आत्या पत्राची काच पुसत होती.

"आत्या, तराफ्याच्या खाली ते खिसे असतात ना. पाण्याचे."

"असतात. चार कोपऱ्यांना चार. पाणी भरून जड होतात, म्हणून तराफा उलटत नाही. ते नसते तर ही अकरा माणसं," आत्याने पत्राकडे बोट केलं, "पहिल्याच रात्री गेली असती."

"पण पाणी त्यांच्यात शिरतं कसं?"

"आयलेट असतात. पितळी कड्या." आत्याने फडकं थांबवलं. "ती काही भोकं नव्हेत. ती मोजून, मापून, कडी ठोकून..."

तिची नजर कपाटावरच्या पिशवीकडे गेली. आता अधिक बोलण्यात शहाणपण नाही, इतकं भाचीला कळत होतं. आत्याने खुर्ची ओढली, कपाटावरची पिशवी काढायला सांगितलं आणि विचारलं, की किती, कुठे, आणि केवढी.

आता भाचीने घाई केली नाही. आठ पायाशी, पाणी आत यायला. चार डोक्याशी, हवा बाहेर जायला. डोक्याशी कशाला, म्हणून आत्याने हुज्जत घातली, तेव्हा तिने बाटली पाण्यात उलटी बुडवून दाखवली. हवेला वाट नसेल तर पाणी आत येत नाही. शिवाय या वेळी गृहीतक एकही ठेवलं नाही. पिशवीच्याच कापडाची एक लहान पिशवी आत्याकडून शिवून घेतली, तिला एकच आयलेट ठोकलं आणि न्हाणीघरातल्या टबात ती भरायला किती वेळ लागतो ते अकरा वेळा मोजलं. बाबा आंघोळीसाठी बाहेर ताटकळत राहिले. त्यावरून तिने आकडा काढला: पिशवी चाळीस सेकंदांत खाली जाईल. तो कागदावर लिहून, घडी घालून तिने आत्याच्या हातात दिला.

आत्याने आयलेट बसवली. प्रत्येक छेदाभोवती आधी टाक्यांचं कडं, मग पितळी कडी, मग हातोडीचे तीन ठोके, चौथा नाही. बारा कड्या दोन्ही टोकांना चमकायला लागल्या. आईने पाहिलं आणि कुणी न विचारताच म्हणाली, की एवढं छान काम पाण्यात जायचं म्हणजे जिवावर येतं हो.

दुसऱ्या चाचणीला होडीवाल्याने आणखी दोघांना बघायला आणलं होतं. पिशवी पायाकडून पाण्यात गेली, कमरेशी थांबली, आणि भाचीने श्वास रोखला. मग डोक्याकडच्या चार कड्यांतून बुडबुड्यांच्या चार सरळ माळा निघाल्या. पिशवी उभीच राहिली. खांद्यापर्यंत गेली, गळ्यापर्यंत, आणि जराही न कलता सरळ खाली गेली. दोर सरसर धावला, तळाशी पोचून सैल पडला. पाणी होतं तसं झालं.

"त्रेचाळीस," अधिकारी म्हणाले.

आत्याने कमरेची कनवटी सोडून तो कागद काढला आणि घडी उलगडून त्यांच्यापुढे धरला. अधिकाऱ्यांनी आकडा वाचला. मिशीवरून बोट फिरवत त्यांनी भाचीकडे पाहिलं, आणि हे गणित जरा लिहून द्याल का, पेटीच्या फटींसाठी आम्ही कधी कुणी असं मोजलेलं नाही, असं विचारलं. भाचीऐवजी आत्यानेच हो म्हणून टाकलं. ती कामात असते, तेव्हा आठवडाभर लागेल, असंही सांगितलं.

घरी पिशवी धुऊन वाळवली. एकही टाका हलला नव्हता. आत्याने शिवणाच्या डब्यातून आपला जुना शिक्का काढला, शाई लावली, आणि कोपऱ्यात सतरा उमटवला. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. ती तिने बोटाने दाखवली.

"कारखान्यात शेवटचा नंबर चौसष्ट होता," ती भाचीला म्हणाली. "तुझा पासष्ट. शिक्का नाही तुझ्याकडे, तेव्हा शिव."

चामडी पट्टा भाचीच्या हाताला मोठा होत होता. दोन आकडे शिवायला तिला सव्वा तास लागला, दाभण दोनदा बोटात गेलं, आणि पाचाचं पोट एका बाजूला कललं. ते तिला स्वतःलाच बघवेना. उसवून पुन्हा घालते, म्हणाली. आत्याने पिशवी तिच्या हातातून काढून घेतली आणि सध्या गरज नाही म्हणून तीत थंडीची पांघरुणं भरून ठेवली. आयलेट आहेत, हवा खेळती राहील, म्हणाली.

संध्याकाळी बाबा आले, पांघरुणांच्या त्या गाठोड्याभोवती एक फेरी मारून त्यांनी सगळीकडून पाहिलं. ताई, काम झकास झालंय, म्हणाले. मग चष्मा वर करून कोपऱ्याशी वाकले आणि हे वेडंवाकडं काय आहे, असं विचारलं.

"हात लावू नकोस," आत्या म्हणाली. "तपासनिसाची सही आहे ती. सही तिरकीच असते."