ओम नावाचं बाळ

द्वारका चौकाजवळच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांनी नवऱ्यालाही न सांगितलेल्या गोष्टी अंतर्यामीबाबा माईकवरून सांगत होते आणि गर्दी हात जोडत होती.

"निळ्या साडीतली माउली, ऊठ! आमचं वरचं नेटवर्क फुल असतं. सातव्या महिन्यात बाळ गेलं ना? तुझा ओम रडतोय. शांती कर, नाहीतर पोटातलंही राहायचं नाही."

निळ्या साडीतली आरोही उठून उभी राहिली. तिला पुन्हा दिवस गेले होते.

शेजारी बसलेल्या सासूबाई, भागीबाई, कुजबुजल्या, "ओम कोण गं? आपली तर पोरगी होती."

ते नाव आरोहीनं एकाच ठिकाणी लिहिलं होतं, बाळ गमावलेल्या आयांच्या ऑनलाइन ग्रुपवर. कुणी ओळखू नये म्हणून तिथे तिनं मुलीचा मुलगा केला होता, नावही खोटंच दिलं होतं. दिवस गेल्याचंही तिथेच कळवलं होतं. म्हणजे बाबांना दिसत काही नव्हतं. त्यांनी तिचं लिहिलेलं वाचलं होतं! आणखी काय काय वाचलं असेल या माणसानं?

तिनं घाईघाईनं मेल उघडला. ग्रुपचा न वाचलेला निरोप होता: 'सभासदांचे फोन नंबर आणि खासगी मजकूर चोरीला गेला आहे.' आणि इथे दारातच प्रत्येकीचा नंबर घेतला होता.

"बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ओम नावाचं बाळ कधी नव्हतंच. ते मी ग्रुपवर खोटं लिहिलं होतं."

बाबांचा हात जटांखाली कानाकडे गेला.

"कानात मशीन हाय!" पुढची एक बाई ओरडली.

मागून मालेगावहून आलेली आलिमा नावाची एक बाई उठली. "मीपण त्याच ग्रुपमध्ये आहे. माझंही तिथलंच सांगितलं यांनी."

माईक बंद झाला. बाबा मागच्या दारानं निसटले.

बाहेर पायऱ्यांवर त्या ग्रुपमधल्या बायका आरोहीभोवती जमल्या. "आता गं? आपलं सगळं त्यांच्याकडे गेलं की!"

"गेलं ते परत येणार नाही," आरोही म्हणाली. तिची भीती अजून गेली नव्हती. "पण ग्रुपचा पासवर्ड बदला. तोच दुसरीकडे वापरला असेल तर तिथलाही बदला. कुणी धमकावलं तर पैसे देऊ नका, मेसेज जपून ठेवा. चला, सगळ्या मिळून सायबर पोलिसांकडे तक्रार देऊ. हा शाप नाही, चोरी आहे. चोरीवर शांती करायची नसते."