केळी सोडून

टेबलावर नऊ कप होते, चकल्यांची एक ताटली आणि एक डझन केळी. त्यातली दोन दीपमालाने खाल्ली होती. उरलेल्या दहांना कोणी हात लावला नव्हता.

"आज संकष्टी ना. म्हटलं, अजून कोणाचा उपास असेल, म्हणून डझनभर आणली," ती म्हणाली.

सदाशिव पेठेतल्या या क्लासच्या खोलीत दर महिन्याला जमणाऱ्यांपैकी प्रत्येकाला, नाहीतर त्याच्या घरात कोणाला तरी, आतड्याचा तोच दुर्मीळ ट्यूमर होता. दीपमाला पहिल्यांदाच आली होती. शेजारी नवरा अवधूत, स्कूटरची किल्ली हातातच. तिचं एक ऑपरेशन झालेलं होतं. आता लघवीच्या तपासणीतला आकडा चढला होता, स्कॅनमध्ये यकृतावर अस्पष्ट ठिपका होता आणि पुढच्या सोमवारी यकृताचा तुकडा काढायचं ठरलं होतं.

"आकडा किती?" मंडळ चालवणाऱ्या शरच्चंद्रकाकांनी विचारलं. स्वतः जुने पेशंट.

"एकवीस. आठच्या आत हवा."

"नमुना दिलात त्याच्या आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?"

"उपासच होता, संकष्टीचा. ऑपरेशन झाल्यापासून धरलीय. दगडूशेठला बोलले होते, पुन्हा होऊ देऊ नकोस म्हणून." तिची नजर टेबलाकडे गेली. "चंद्रोदयापर्यंत केळीच खाल्ली."

"केळ्यानंही तो आकडा चढतो. अननसानंसुद्धा. पुतण्याच्या लग्नात मी नुसत्या अननसाच्या शिऱ्यावर सोळापर्यंत पोचलो होतो." काकांनी चकली मोडली. "ठिपका खोटा आहे असं मी म्हणत नाही. तपासणी पुन्हा करा, एवढंच."

"डॉक्टरांनी तारीख दिलीय," अवधूत म्हणाला. "त्यांना आता आम्ही केळी शिकवायची?"

"शिकवू नका. विचारा."

"मी विचारते," दीपमाला म्हणाली. "पोट माझं कापणार आहेत."

"अगं, पण तो लघवीचा कॅन! चोवीस तास साठवत थंड ठेवायचा. मागच्या वेळी मोरीत बर्फ भरून भरून जीव गेला. आई फ्रिजमध्ये ठेवू देणार नाही."

"मग आईंचं दही बाहेर ठेवीन."

कोणीतरी मोठ्याने हसलं. अवधूत हसला नाही.

"उपास सोडायचा का, काका?" दीपमालाने विचारलं.

"गणपतीचं काही म्हणणं नसावं. केळी सोडा."

डॉक्टर म्हणाले, हवं तर करा, पण तारीख रिपोर्ट बघूनच हलवीन. तीन दिवस दीपमालाने वरण-भात, दुधी आणि भाकरी खाल्ली. चौथ्या दिवशी सकाळी तिने फ्रिज उघडला, सासूबाईंच्या देखत दह्याचं भांडं ओट्यावर काढलं आणि त्या जागी कॅन ठेवला. सासूबाई ओट्यापाशी उभ्याच राहिल्या. मग दह्यावर झाकण ठेवून स्वयंपाकाला लागल्या.

शनिवारी संध्याकाळी लॅबबाहेरच्या फुटपाथवर अवधूतने पाकीट फोडलं. स्कूटर चालूच होती. त्याने आधी ती बंद केली, मग आकडा मोठ्याने वाचला.

चोवीस तासांत ६.४ मिलिग्रॅम.