क्रमांक चारशे सतराचा डाग

सांगा बरं, विश्वास कोणावर ठेवाल? फोटोवर, की ज्याच्या हातून तो निघाला त्याच्यावर? हा स्टुडिओ सामानासकट विकत घ्यायला आलात, कॅमेरे डोळ्याला लावून पाहिलेत, पडदे झटकलेत. आता हा खण उघडलाच आहे तर दोन मिनिटं माझंही ऐका. मी निगेटिव्हवर काम करणारी पेन्सिल बोलतेय. पितळेची दांडी, पुढे सुईसारखं शिसं.

सदुसष्ट साली पोस्टाच्या पुडक्यातून मी सीताबर्डीत आले. सोबत बारा पुस्तिका, घरबसल्या फोटो सुधारायला शिकवणाऱ्या. मागवणारे आनंदराव, इथले मालक. पुस्तिका इंग्रजीत आणि आनंदरावांचं इंग्रजी दुकानाच्या पाटीपुरतं. पण गडी हिकमती! डाव्या पानावर आधीचा चेहरा, उजव्या पानावर नंतरचा. मजकूर सोडून ते नुसत्या चित्रांवरून शिकले. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर काचेसारखा पारदर्शक दिसतो. तिथे मी बारीक ठिपके भरायचे, की छापलेल्या फोटोतून डाग गायब.

पहिले दोन महिने त्यांनी टोकं मोडली आणि शिव्या मला दिल्या. मग हात बसला. देवीचे व्रण, मुरुमं, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं सफाचट. रामदासपेठेतल्या एका वकीलसाहेबांच्या आठ्या पुसल्या, तर त्यांची बायको म्हणाली, "असाच चेहरा घरी पण करून द्या ना!" मीही हसले. तोवर मला हा धंदा आवडत होता.

शहात्तरच्या उन्हाळ्यात कन्हानहून रंभाबाई आल्या. नवरा नत्थू कोळशाच्या खाणीत होता, तापानं गेला. त्याचा जन्मात एकच फोटो, इथंच काढलेला. घरची प्रत वाळवीनं खाल्ली. नोंदवही चाळून निगेटिव्ह सापडली, क्रमांक चारशे सतरा.

"मोठा करून द्या जी," रंभाबाई म्हणाल्या. "चेहरा भुलून जाईन, असं भेव वाटते मले."

नत्थूच्या कपाळाला कधीतरी दगड लागला होता आणि जखमेत कोळशाची भुकटी राहिली होती. खाणीतल्या माणसांना असे निळे डाग राहतात, धुतले तरी जात नाहीत. आनंदरावांना ती घाण वाटली. विचारलं नाही. मला उचललं आणि डाग भरून टाकला.

आठवड्यानं रंभाबाई दीर चंपतरावांना घेऊन आल्या. फोटो हातात धरून पाहतच राहिल्या.

"हा कोण होय जी?"

"बाई, तुमचेच मालक."

"आन् कपाळावरचा निळा डाग?"

"वहिनी, दादा किती साजरा दिसून राहिला!" चंपतराव म्हणाले. "डागाचं काय घेऊन बसल्या वं?"

"साजरा दिसते, पण माहा नाही दिसत. त्या डागावर रोज मी तेल लावत होती. सांगा जी, डाग कुठं गेला?"

आनंदराव घसा खाकरून म्हणाले, "निगेटिव्हमध्येच नव्हता, बाई."

खोटं! साफ खोटं! मी तिथेच टेबलावर पडून होते. टर्पेंटाईनचा कापूस एकदा फिरवला असता तर माझे सगळे ठिपके निघाले असते आणि खालून नत्थू जसाच्या तसा वर आला असता. चौथ्या पुस्तिकेत तसं लिहिलं होतं. लिहिलं होतं, चित्र नव्हतं! त्याच पानावर हेही होतं, की कायमची खूण विचारल्याशिवाय पुसू नये. बरं, वाचता येत नव्हतं; विचारता तरी येत होतं ना?

रंभाबाईंनी फोटो टेबलावर ठेवला. "परक्या माणसाले हार काहून घालू मी?" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या फोटोचं आनंदरावांनी काय केलं, ठाऊक आहे? बाहेरच्या काचेत लावला. नमुना म्हणून! सात वर्षं लोक थांबून म्हणायचे, "वा, काय सफाई!" आणि इथं खणात माझा जळफळाट व्हायचा.

आता रंगीत फोटो आले, माझ्या पितळेवर हिरवट थर चढला. मला खुशाल फेका. पण पत्र्याच्या डब्यातली चारशे सतरा बाहेर काढा, कापसानं पुसा, फोटो छापा आणि कन्हानला नेऊन द्या. पत्ता नोंदवहीत आहे. आणि त्याच वहीत एक नवा रकाना आखा: कोणाच्या चेहऱ्यावरून काय काढलं, काय घातलं. हा हिशेब मात्र प्रामाणिकपणे ठेवा. पहिली नोंद नत्थूची करा. निळा डाग, एक. परत केला.