बाहुलीचं रडणं

शिकाऊ सुईण तडालाला कॉलेजात ठेवायचं की घरी धाडायचं, हे ठरवायचं काम प्रिन्सिपल बाईंनी तिला शिकवणाऱ्या डोरिकाच्या गळ्यात घातलं. "तुमचीच लाडकी ना ती? मग तुम्हीच जा. बाहुली घेऊन जा आणि तुमच्यासमोर तिच्याकडून सगळं करून घ्या. जमलं तर राहील. नाही जमलं तर पट्टा काढून घेऊन या," एवढं बोलून बाई फोनकडे वळल्या. शिकाऊ सुईणीच्या कमरेचा पट्टा काढला की ती संपली. मोडलेलं लग्न निदान पुन्हा लावता येतं, हे तसं नाही.

बाहुली म्हणजे कॉलेजातलं रबरी बाळ. पोटात पाणी भरलं की खऱ्या बाळाइतकं जड होतं. त्याच्यातून नळ्या निघतात आणि नळ्यांच्या टोकांना हातात मावतील असे फुगे असतात. शिकवणारीने एक फुगा दाबला की नाळेला ठोके येतात, दुसरा दाबला की बाळ रडतं. डोरिकाने बाहुली चितेंजेच्या छापील कापडात गुंडाळून मांडीवर घेतली, तर मिनीबसमधली शेजारीण कौतुकाने म्हणाली, "गुणी आहे हो बाळ, आवाज म्हणून नाही." डोरिकाने कापड बाहुलीच्या तोंडावर ओढून घेतलं. झोंब्याहून चिल्वा तळ्याकडे जाणारा रस्ता ओळखीचाच होता, पण आज तो सरता सरेना.

झालं होतं ते असं. त्या दिवशी तळ्याकाठच्या आरोग्य केंद्राचे मेडिकल असिस्टंट ग्वाझा लस आणायला जिल्ह्याच्या गावी गेले होते आणि तिथे सरावाला पाठवलेली शेवटच्या वर्षाची तडाला एकटीच होती. मूल झालं ते निळं, लुळं, श्वास नसलेलं. तडालाने त्याच्या तोंडावर मास्क बसवला आणि मास्कच्या रबरी पिशवीने ती हवा द्यायला लागली. इकडे पलंगावर आईचं रक्त थांबत नव्हतं. त्या बाजूला बाळंतीण ओरडली तर माहेरची मान खाली जाते, म्हणून पोरी लहानपणापासून ओठ चावायला शिकतात. ही बाई तर फारच शहाणी निघाली. ती हुं की चूं न करता रक्त सोडत राहिली. तडालाचे कान फक्त बाळाच्या रडण्याकडे लागले होते. ग्वाझा परतले तेव्हा आई गेली होती, बाळ गार पडलं होतं आणि तडाला अजून पिशवी दाबतच होती.

आता डोरिकाविषयी. एके काळी तिच्या तासाला बसण्याआधी मुली दोनदा लघवीला जाऊन यायच्या. चुकलेल्या हातावर ती पट्टी मारायची नाही, पण जिभेनेच सालटं काढायची. मग कॉलेजने तिला ब्लँटायरला पाठवलं, कसं शिकवायचं ते शिकायला. तिथे सांगितलं की घाबरलेला हात काही शिकत नाही. ओरडू नका, विद्यार्थिनीला विचार करू द्या, तिला जमलंय असं वाटूनच तिला घरी जाऊ द्या. चाळिशी उलटलेली डोरिका तिथल्या शेवटच्या दिवशी रडली होती, इतकं ते तिला पटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. खोटं मिसळलं ते डोरिकाने स्वतः.

नियम साधा होता. मास्क नीट बसला आणि बाहुलीची छाती वर आली, तरच रडवायचं. तडालाचा हात थरथरायचा, मास्कच्या कडेने हवा फुसफुसत निघून जायची, छाती काही हलायची नाही. पण त्या पोरीच्या डोळ्यांत असं काही असायचं की डोरिकाचा अंगठा फुग्यावर जायचा. बाहुली रडायची. तडालाचा चेहरा उजळायचा. "बघा, तडालासारखं करा," असं डोरिका वर्गाला सांगायची, आणि जुन्या कडकपणाचं पाप फिटतंय असं तिला वाटायचं. दया स्वस्त असते हो, आणि तिचं मोल दुसऱ्याच कुणाला तरी द्यावं लागतं.

केंद्रात ग्वाझांनी तिला सावलीत बसवलं, उकडलेला कसाव्याचा कंद पुढे केला.

"पोरगी जेवत नाही," ते म्हणाले. "तिला ठेवाल तर बरं होईल, बाई. हात चांगला आहे तिचा."

"चांगला? तडालाचा?"

"म्हणजे काय. आल्यावर भीती होती, ती गेली. तुमच्याच तालमीतली ना?"

डोरिकाने कंद तसाच ठेवला आणि ती उठली.

बाळंतिणीची खोली घासून काढली होती, क्लोरीनचा वास डोळ्यांत जात होता. तडाला भिंतीला टेकून उभी होती. तिने वाकून नमस्कार केला, पण डोरिकाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. डोरिका पलंगावर चढून बसली. "मी आई," ती म्हणाली. "हे बाळ आत्ताच झालंय, श्वास नाही. त्या दिवशी केलंस तसं कर. आणि माझ्याकडे लक्ष ठेव. मी मुकाट्याने पडून राहणार आहे."

तडालाने बाळ पुसलं, मान सरळ केली, मास्क ठेवला, पिशवी दाबली. छाती वर आली. पुन्हा आली. कडेने हवेचा आवाज नाही, हात थरथरत नाही. डोरिका बघतच राहिली. हे इतकं सुंदर या पोरीला कधी जमायला लागलं? नियमाने आता रडवायला हवं होतं. पण बाळ रडलंच नाही तर पोरगी आईकडे वळते का, ते आज तिला बघायचं होतं.

"नाळेला ठोका नाही," डोरिका म्हणाली. "किती तरी वेळ झालाय. आता बाळ सोड. आईकडे ये."

"अजून रडलं नाही, मॅडम."

"रडणार नाही ते."

"माझाच मास्क गळत असेल. थांबा, पुन्हा बसवते."

"नाही गळत. सगळं बरोबर करतेयस तू."

"बरोबर असतं तर रडलं असतं. तुम्हीच सांगितलंय."

डोरिका पलंगावरून उतरली आणि तिने पोरीचे दोन्ही हात धरले. "तडाला, ऐक. वर्गात तुझा मास्क गळायचा. छाती हलायची नाही. तरी मी फुगा दाबायचे. मला तुझी दया यायची."

तडालाने हात सोडवून घेतले.

"दर वेळी?"

"दर वेळी."

"सगळ्यांसमोर 'तडालासारखं करा' म्हणालात, तेव्हा पण?"

"तेव्हा पण."

"म्हणजे मला येतच नव्हतं."

"नव्हतं. पण आता येतं," डोरिका घाईघाईने म्हणाली, कारण पोरीचा चेहरा तिला बघवेना. "आत्ता जशी छाती वर आणलीस तशी मलासुद्धा नेहमी जमत नाही. त्या दिवशीही तुझं बरोबरच असणार, ते मूल मेलेलंच आलं होतं. आईला इंजेक्शन द्यायचं होतं, पोट चोळायचं होतं. हात कधी थांबवायचा, तेवढं मी तुला शिकवलं नाही. ती चूक माझी आहे आणि प्रिन्सिपल बाईंना मी तसंच सांगणार. तू राहा. एवढं शिकलीस की तुझ्यासारखी सुईण या बाजूला शोधून सापडणार नाही."

तडालाने आता कुठे तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, एखाद्या थकलेल्या म्हातारीकडे बघावं तसं.

"आत्ताही तुम्ही तेच करताय, मॅडम."

"नाही गं. देवाशपथ, खरं सांगतेय."

"तेव्हाही तुमचा चेहरा असाच असायचा."

तिने पट्टा सोडला, नीट गुंडाळला आणि दोन्ही हातांनी, थोरांना द्यावा तसा, डोरिकाच्या हातात ठेवला. मग ती आपलं बोचकं आणायला मागच्या खोलीकडे गेली. "येतं गं तुला," डोरिका तिच्या मागे जात म्हणत राहिली, "खरंच येतं," आणि जितक्यांदा म्हणाली तितक्यांदा ते तिचं तिलाही खोटं वाटत गेलं.