पाण्यातली ऊब

केरबानं राहीबाईचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि करडीच्या कोमट तेलानं पोटरी चोळायला सुरुवात केली. तिनं चटकन पाय मागं ओढला.

"आवं, माजं पाय काय धरताय? कुनी बघितलं तर?"

"बघू दे. गुडघ्याखाली रगत फिरतं ऱ्हायलं पायजे."

तलावाच्या काठावर अजून उजाडायचं होतं. पौषातलं वारं औंधच्या डोंगरावरून सरळ अंगावर येत होतं. बाभळीच्या बुडाला ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब पडली होती, मधल्या पोकळीत सुंभाची बैठक विणलेली. दहा वर्षं त्या बैठकीत बसून, पाय पाण्यात सोडून केरबानं मासे धरले होते. यंदाच्या पावसाळ्यात त्याची छाती धरली. साताऱ्याच्या डॉक्टरनं पाठीला नळी लावून ऐकलं आणि सांगितलं, आता पाण्यात उतरायचं नाही. जाळी घरात होती, तलावाच्या मासेमारीत वाटा होता आणि दोन पोरी होत्या. राहीबाईनं महिनाभर भर दुपारी, ऊन पाण्यात ट्यूबवर बसायचा सराव केला. थोरला दीर नानासो म्हणाला, "बायकू पाण्यात आन् गडी काठावर. गाव हसंल." गावाच्या हसण्यासाठी ती थांबली नाही. भर थंडीत, पहाटेच्या पाण्यात ती आज पहिल्यांदाच उतरणार होती.

केरबानं तिच्या पायांत लोकरीचे दोन-दोन मोजे चढवले, वरून खताच्या पिशवीतला प्लास्टिकचा कागद गुंडाळला आणि चिंधीनं बांधला.

"आवळून बांधा की, सुटंल."

"आवळलं की बोटं मरत्यात."

तिनं त्याच्या डाव्या पायाकडं पाहिलं. त्या पायाला दोनच बोटं होती. चीनच्या लढाईतून तो परत आला आणि चार महिन्यांनी त्यांचं लग्न झालं. तीन बोटं बर्फात गेली एवढं तिला तेव्हाच कळलं होतं. त्यापुढं कुणी सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

त्याची जुनी खाकी पँट तिनं चढवली. छातीवर रद्दीचे कागद, त्यावर जर्सी. सगळं झाल्यावर तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आता ध्येनात ठेव. थंडी वाजंल, दात वाजतील, हात कापतील. कापू देत. पन कापायचं थांबलं आन् बरं वाटाय लागलं, ऊब आल्यागत झालं, की तसंच फिरायचं. जाळ्यात काय बी घावलेलं असू दे."

"बरं वाटल्यावर कशाला फिरायचं?"

"सांगितलं तेवढं ऐक."

ती ट्यूबवर बसली आणि हातातल्या फळ्यांनी पाणी मागं सारत निघाली.

आदल्या संध्याकाळी टाकलेलं जाळं तलावाच्या मध्यावर होतं. निम्मं जाळं तिनं ओढून घेतलं. चार-पाच कटला मासे लागले होते. तेवढ्यात बुडाखालचा सुंभ एका अंगाला सुटला आणि ती छातीपर्यंत पाण्यात गेली. पँट, कागद, जर्सी, सगळं भिजलं. तिनं ट्यूबला एका हाताची मिठी मारली आणि दुसऱ्या हातानं जाळं ओढत राहिली. दात वाजत होते. बोटांना गाठी सोडवता येईनात. सूर्य वर आला तरी वारं थांबलं नव्हतं.

मग हळूहळू सगळं सोपं झालं. अंगाचं कापरं गेलं. घोंगड्यात शिरावं तशी एक ऊब पोटातून वर चढू लागली. जाळ्याच्या शेवटाला काहीतरी मोठं ओढ देत होतं. चांगला धा-बारा किलोचा असावा. एवढं ओढलं की झालं, तिला वाटलं. डोळे मिटत होते, आणि मिटले तरी बिघडणार नाही असं वाटत होतं.

काठावर केरबा दोन्ही हात वर करून ओरडत होता. शब्द ऐकू येत नव्हते. तो ओरडतोय, म्हणजे काय विसरलं? तिनं आठवायचा प्रयत्न केला. आठवलं तेव्हा हातातून जाळं सोडलं आणि ट्यूब वळवली.

काठाजवळ तो छातीपर्यंत पाण्यात शिरला आणि तिला ओढून बाहेर काढलं. ओले कपडे उतरवले, घोंगड्यात गुंडाळलं, आपला सदरा वर करून तिचे तळपाय उघड्या पोटावर घट्ट धरले. गुळाचा चहा घोट-घोट पाजला. तो खोकत होता, पण पाय सोडत नव्हता. तिची मान कलली.

केरबानं तिच्या थोबाडीत मारली.

"ऊठ! आदगोंडा, ऊठ! निजायचं न्हाई!"

तिनं डोळे उघडले. त्याचा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता तसा झाला होता.

"जागी हाय मी," ती कष्टानं म्हणाली. "आदगोंडा कोन?"

त्यानं तिचे तळपाय आणखी घट्ट धरले. तिच्या अंगाला पुन्हा कापरं सुटलं तेव्हा त्याचा श्वास सुटला.

"आष्ट्याचा. एका खंदकात हुतो आमी. रातभर कुडकुडत हुता. पहाटं म्हनला, केरबा, आता बरं वाटतंय, ऊब आलीया. मी म्हनलं, मग नीज जरा, मी जागा हाय." त्यानं घोंगडं तिच्या गळ्यापर्यंत ओढलं. "मला काय म्हाईत न्हवतं, राही. मीच त्येला नीज म्हनलं."

"त्येच्या घरी गेलासा कवा?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. चौदा वर्षं.

पुढच्या रविवारी दोघं आष्ट्याला गेली. जैनाच्या घरी जायचं म्हणून राहीबाईनं दोनदा अंघोळ केली, तरी माशांचा वास जाईना, म्हणून एसटीत ती हात पदराखाली धरून बसली होती.

आदगोंडाची आई गुणमाला सोप्यात बसली होती. डोळ्यांनी तिला अंधुकच दिसायचं. धाकटा मुलगा अजितकुमार पाणी घेऊन आला. केरबानं तांब्याला हात लावला नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही वगळलं नाही.

अजितकुमार दाराशी तसाच उभा राहिला.

"लय थंडी वाजली आसंल न्हवं त्येला?" तिनं विचारलं.

केरबा आपल्या डाव्या पायाकडं बघत राहिला.

"पयल्यांदा वाजती, आई," राहीबाई म्हणाली. "लय वाजती. मग न्हाई वाजत. मग ऊब वाटती. बरं वाटतं."

"तुला गं काय म्हाईत?"

"मी तिथपत्तोर जाऊन आलीया."

म्हातारीनं चाचपत तिचा हात शोधला. राहीबाईनं तो पदराखालून काढून दिला. म्हातारीनं तो दोन्ही हातांत धरून ठेवला. मग तिनं केरबाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"अजित, ह्यास्नी जेवाय वाढ." मग केरबाला, "जेवून आतल्या खोलीत नीज जरा, बाबा. लांबनं आलायस."

केरबानं राहीबाईकडं पाहिलं. तिनं नुसती मान डोलावली.

तो खाली बसला आणि पाण्याचा तांब्या उचलला.